कातळावरील मॉस आणि पडीक जमिनीचे अर्थशास्त्र

(नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूर शहरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. मे महिन्यात ज्या शहराचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात असतो, त्या शहरात कोकण किनाऱ्याच्या ओलसर, सावलीच्या कातळावर वाढणाऱ्या बोटभरही उंची नसलेल्या वनस्पतीची चर्चा कशासाठी करावयाची, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला तर त्यात वावगे काही नाही. त्याचे एक उत्तर असे आहे की, अशा वनस्पतीचे भवितव्य कातळावर ठरत नाही, ते कागदावर ठरते. आणि त्या कागदांपैकी काही कागद याच शहरात लिहिले गेले आहेत. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झालेली आणि १९७४ पासून नीरी या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संशोधन संस्था नागपुरात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा पर्यावरण आघात अहवाल तिनेच तयार केला होता, आणि त्यानंतर नोव्हेंबर २०१० मध्ये त्या प्रकल्पाला केंद्राची पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. तेव्हा माडबनचा सडा नागपूरला वाटतो तितका परका नाही.

प्रथम वनस्पतीविषयी. मराठीत शेवाळ हा एकच शब्द विहिरीतील हिरव्या तंतूंनाही वापरला जातो आणि पावसाळ्यात भिंतीवर उगवणाऱ्या मखमलीलाही. शास्त्रीय परिभाषेत या दोन्ही गोष्टी अगदी भिन्न आहेत. पाण्यातील ते शैवल. भिंतीवरची ती मखमल म्हणजे मॉस. परिभाषाकारांनी तिला हरिता असे सुरेख नाव दिले, परंतु ते कोशाबाहेर फारसे पडले नाही. महाविद्यालयात जीवशास्त्र शिकलेल्यांना फ्युनारिया हे नाव तेवढे आठवत असेल. जगात मॉसच्या सुमारे १२,००० जाती आहेत. त्यांना खरी मुळे नसतात. दगडाला धरून ठेवणारे केसासारखे मूलाभ तेवढे असतात. पान बहुधा एका पेशीच्या जाडीचे. पाणी खालून वर वाहून नेण्याची भक्कम व्यवस्था नसल्यामुळे ही वनस्पती पाणी आणि क्षार सर्वांगाने, थेट पावसातून आणि हवेतून घेते. हवा कोरडी झाली की ती कोरडी होते, कुरकुरीत होऊन पडून राहते. पाऊस आला की काही मिनिटांत पुन्हा हिरवी होते. नागपूरच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर मृगाच्या सरींनंतर दिसणारी हिरवाई बाहेरून आलेली नसते, ती उन्हाळाभर तेथेच असते.

प्रजननाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. मॉसच्या नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहून जावे लागते, आणि पोहण्यासाठी पाण्याचा सलग पापुद्रा लागतो. अनेक जातींत नर आणि मादी ही रोपे वेगवेगळी असतात. दोन रोपांमध्ये हातभर कोरडा दगड आला तरी वंश खुंटावयास पुरेसे होते. बीजुके वाऱ्यावर दूर जाऊ शकतात हे खरे, पण ती जेथे पडतील तेथे नेमकी तीच सावली, तोच गारवा आणि तोच पाझर असावयास हवा. त्यामुळे काही जाती सर्वत्र आढळतात, तर काही जातींचे सारे जग दहा-बारा घळींमध्ये सामावलेले असते.

समुद्रकिनारा हे तर मॉससाठी मोठे अवघड ठिकाण. खाऱ्या पाण्यात बुडून राहणारी मॉसची जात नाही. उत्तर अटलांटिकच्या खडकांवर लाटांचे तुषार सोसणारी स्किस्टिडियम मॅरिटिमम नावाची एक जात आहे, परंतु ती अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहे. किनाऱ्यावर मॉस जगते ते समुद्राच्या पाण्यावर नव्हे. समुद्रामुळे दमट राहणाऱ्या हवेवर आणि वरच्या पठारातून झिरपत येणाऱ्या गोड्या पाण्यावर. सायक्लोडिक्टियॉन लेटिव्हिरेन्स या जातीचे उदाहरण बोलके आहे. झळझळीत हिरव्या रंगाचे हे मॉस इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील आणि आयर्लंडमधील किनाऱ्यावरच्या अंधाऱ्या, ठिबकत्या गुहांत तुरळक आढळते. मदेरा आणि अझोर्स बेटांवरही ते आहे. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्याच्या आठव्या परिशिष्टात त्याचे नाव घालण्यात आले आणि ते उपटणे हा गुन्हा ठरला. मूळ कायदा झाला त्या वेळी त्या देशात मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या. कामगार संघटना मोडावयास निघालेल्या राजवटीने केलेल्या कायद्याने पुढे एका मॉसला संरक्षण द्यावे, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. तथापि संरक्षण दिले गेले ही वस्तुस्थिती आहे. त्यामागे पूर्वीचा एक कटू अनुभवही होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील सुखवस्तू वर्गाला नेच्यांचे वेड लागले होते. अशाच ओल्या, सावलीच्या खडकांवर वाढणारा किलार्नी नेचा हौशी संग्राहकांनी आणि विक्रेत्यांनी इतका ओरबाडला की कित्येक ठिकाणांहून तो नाहीसा झाला.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. त्यात वनस्पतींचा स्वतंत्र विचार यावयास १९९१ ची दुरुस्ती लागली, आणि त्या दुरुस्तीने सहा प्रकारच्या वनस्पतींना संरक्षण दिले. त्यात घटपर्णी होती, काही ऑर्किडे होती, हिमालयातील कुष्ठ होती. मॉस एकही नव्हते.

आता कोकण. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत समुद्र आणि सह्याद्री यांच्या दरम्यान जांभ्या दगडाची सपाट पठारे पसरलेली आहेत. स्थानिक लोक त्यांना सडा म्हणतात. फेब्रुवारीत पाहिले तर काळा, रखरखीत, पाय भाजणारा कातळ. जूनमध्ये पाऊस आला की त्याच कातळावर डबकी साचतात, खळग्यांतील वितभर मातीत गवत आणि रानफुलांचे ताटवे उठतात, कीटक खाणाऱ्या सीतेच्या आसवांसारख्या वनस्पती दिसू लागतात. सड्याच्या कडा खाडीकडे उतरतात तेथे घळी आहेत. तेथे सूर्य क्वचितच पोहोचतो आणि दगडातून पाणी पाझरत राहते. मॉसचे राज्य येथे असते. गावातील जांभ्याच्या गडग्यांवरही ते असते, पण गडग्यावरच्या जाती बहुधा सर्वत्र आढळणाऱ्या; घळीतील जाती निराळ्या.

या घळींचा पद्धतशीर धांडोळा फार थोड्या लोकांनी घेतला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील एल. जे. सेजविक या सनदी अधिकाऱ्याने फावल्या वेळात वनस्पती गोळा केल्या. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात त्या काळचे नमुने जपलेले आहेत. भारतातून गेलेली मॉस ओळखण्याचे काम नॉर्थॅम्प्टनचे एच. एन. डिक्सन करीत. स्वातंत्र्योत्तर काळात खंडाळा आणि महाबळेश्वर येथील मॉसवर जी. टी. दाभाडे यांनी काम केले आणि त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र खंडाळा आणि महाबळेश्वर ही घाटमाथ्याची ठिकाणे. तेथे जाण्यास आगगाडी आहे किंवा चांगला रस्ता आहे, उतरावयास बंगला आहे. शास्त्राचा नकाशाही पुष्कळदा रस्त्यांच्या नकाशावरून काढला जातो.

सडा पडीक आहे, हे शास्त्रज्ञांनी ठरविलेले नाही. ते महसूल खात्याने ठरविले. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यासाठी जी पाहणीची पद्धत घालून दिली आणि जिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले, तिचा हेतू स्वच्छ होता: कोणती जमीन किती सारा देऊ शकेल हे शोधणे. मातीची खोली, रंग, दोष पाहून आण्यांत तिची प्रत लावावयाची. ज्या तुकड्यात नांगर चालत नाही तो पोटखराबा. सरकारच्या दृष्टीने तो हिशेबातून वजा. एका वसाहतवादी सरकारने साऱ्यासाठी केलेले हे वर्गीकरण त्याच्या प्रयोजनापुरते चुकीचे म्हणता येणार नाही. चूक पुढे झाली. सारा देत नाही म्हणून वजा केलेली जमीन हळूहळू निरुपयोगी जमीन मानली जाऊ लागली, आणि निरुपयोगी म्हणून ती घेण्यास सर्वांत सोयीची ठरली. जैतापूर प्रकल्पाच्या वेळी संपादित जमिनीचा मोठा भाग नापीक आहे, हा युक्तिवाद पुढे आला तेव्हा तो नव्याने शोधलेला नव्हता. सातबाऱ्याच्या उताऱ्यात तो आधीच लिहिलेला होता.

वस्तुतः सड्यावर गुरे चरतात. सड्याचे गवत कापून पेंढ्या बांधल्या जातात. खळग्यातील मातीत गोरगरीब नाचणी किंवा भात घेतात. सर्वांत मुख्य म्हणजे जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून खाली उतरतो आणि पायथ्याच्या झऱ्यांत, विहिरींत प्रकट होतो. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये टँकर धावतात, याचा विचार करताना या झऱ्यांचे मोल कळते. घळीतले मॉस ज्या पाझरावर जगते तोच पाझर खाली वाडीच्या विहिरीत जातो. एखाद्या घळीतील वर्षानुवर्षांचे मॉस वाळून गळून पडले, तर वरच्या कातळाला काही झाले आहे असा अर्थ घ्यावयास हरकत नाही. वर चिरेखाण झाली असेल, सुरुंग लावून आंब्याची कलमे लावली गेली असतील, किंवा भराव पडला असेल.

येथे नागपूरच्या आणि दिल्लीच्या कागदांकडे पुन्हा वळावे लागते. पर्यावरण आघाताच्या मूल्यमापनाची २००६ ची अधिसूचना आणि तिच्याभोवती रूढ झालेली पद्धत अशी की, बहुतेक प्रकल्पांसाठी एका ऋतूची आधारभूत माहिती पुरेशी धरली जाते, आणि तो ऋतू पावसाळ्याव्यतिरिक्तचा असावा लागतो. या नियमामागे कावा आहे असे समजण्याचे कारण नाही. पावसाने हवेतील धूळ धुतली जाते. पावसाळ्यात मोजणी केली तर प्रदूषण कमी दिसेल आणि कारखानदाराचे फावेल, म्हणून पावसाळा वगळला. धुळीच्या दृष्टीने हे योग्यच. परंतु तोच नियम जीवसृष्टीच्या नोंदीला लागू झाला की परिणाम विलक्षण होतो. ज्या भूमीचे सारे जीवन जून ते ऑक्टोबर या काळात फुलते, तिची पाहणी जानेवारी किंवा एप्रिलमध्ये होते. पाहणी करणारा तज्ज्ञ प्रामाणिकपणे लिहितो की येथे विरळ, वाळलेले गवत आहे. तो खोटे लिहीत नाही. त्याला मोसमच चुकीचा दिलेला असतो. वाळून दगडाच्या रंगाचे झालेले मॉस तर त्याला दिसणेही कठीण.

अर्थशास्त्राकडेही या प्रश्नावर सांगण्यासारखे काही आहे, आणि ते नेहमीच शत्रुपक्षाचे नाही. जॉन क्रुटिला या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६७ साली एक छोटा निबंध लिहिला. तंत्रज्ञान सुधारेल तसतशा कारखान्यात बनणाऱ्या वस्तू स्वस्त होत जातील, परंतु निसर्गाच्या अद्वितीय ठेव्याचा पुरवठा कोणतेही तंत्रज्ञान वाढवू शकणार नाही. सबब त्याचे सापेक्ष मूल्य काळानुसार वाढतच जाईल, असे त्याचे म्हणणे होते. एकदा नष्ट केलेले परत आणता येत नाही, हा मुद्दा त्याने लाभ-खर्चाच्या हिशेबात आणला. शिवाय, जी गोष्ट माणूस कधी पाहावयास जाणारही नाही तिच्या केवळ असण्यालाही तो किंमत देतो, हे त्याने सांगितले. प्रचलित हिशेब मात्र निराळ्या रीतीने चालतो. दसादशे दहा टक्के दराने वटवले तर पन्नास वर्षांनंतरच्या एका रुपयाची आजची किंमत एक पैसादेखील भरत नाही. या अंकगणितात नातवंडांची विहीर जवळजवळ शून्य ठरते. वनजमिनीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जंगलाच्या प्रतीनुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर मान्य केले होते. त्यावर मतभेद असू शकतात, पण निदान काहीएक किंमत तरी मोजली गेली. सडा हा बव्हंशी कायद्याने वनही नाही, शेतही नाही. त्याला कोणताच दर नाही. आणि विनोद असा की, अन्यत्र तोडलेल्या झाडांच्या बदली झाडे लावण्यासाठी जागा हवी असली म्हणजे डोळा जातो तो अशाच मोकळ्या माळांवर आणि कातळांवर.

समाजवादी विचाराच्या माणसाने येथे एका आक्षेपाला तोंड देणे आवश्यक आहे. कोकणातला तरुण पिढ्यान्पिढ्या मुंबईला गेला, गिरणीत राबला, गावाकडे मनीऑर्डर धाडली. १९८२ च्या संपानंतर तोही आधार गेला. अशा प्रदेशात रोजगार येत असताना मॉसच्या नावाने आडवे येणे हा पोटभरल्या लोकांचा चाळा नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. तो करणारे सगळेच कंत्राटदारांचे हस्तक नसतात, हेही मान्य केले पाहिजे. परंतु रोजगार विरुद्ध मॉस ही मांडणीच मुळात तपासून पाहण्याजोगी आहे.

अमेरिकेतील टेलिको धरणाचा खटला या संदर्भात उद्बोधक ठरतो. तीन इंचांच्या स्नेल डार्टर या माशासाठी जवळपास पुरे झालेले धरण १९७८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने थांबविले, आणि जगभर या निकालाची टिंगल झाली. टिंगल करणारांना पुढचा भाग ठाऊक नसतो. सूट द्यावी की नाही हे ठरविण्यासाठी मंत्रिपातळीवरची समिती नेमली गेली. तिने जानेवारी १९७९ मध्ये एकमताने सूट नाकारली. कारण बहुतेक खर्च होऊन गेला होता तरी उरलेल्या खर्चाच्या मानाने धरणाचा लाभच कमी भरत होता. मासा निमित्त होता. तोट्यातला प्रकल्प उघडा पडला. त्याच वर्षी तेथील संसदेने एका विधेयकात कलम घुसवून धरण पुरे करून घेतले. मासा मात्र अन्य नद्यांत टिकला आणि २०२२ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. आपल्याकडे केरळात सायलेंट व्हॅलीच्या वेळी शास्त्र साहित्य परिषदेने १९७९ मध्ये हेच केले: सिंहपुच्छ माकडाबरोबरच विजेचा, सिंचनाचा आणि रोजगाराचा हिशेबही लोकांपुढे मांडला. १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. दुर्मीळ जीवाचा प्रश्न उपस्थित झाला की प्रकल्पाचे सारे आकडे पुन्हा मोजावे लागतात, आणि पुष्कळांना तेच नको असते.

मॉसचा प्रत्यक्ष उपयोगही थोडा नाही, पण त्यावर फार भर देणे बरे नव्हे. उपयोग नसलेल्या जातीचे मग काय करावयाचे? एक उल्लेख मात्र नागपूरकरांच्या कामाचा आहे. मॉस सारे अन्न हवेतून आणि पावसातून घेत असल्यामुळे हवेतील जड धातू त्याच्या अंगात साठतात. स्वीडनमधील र्‍यूलिंग आणि टायलर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस यावरून प्रदूषणाचे नकाशे काढण्याची रीत बसविली, आणि पुढे युरोपातील अनेक देशांनी ती नियमितपणे चालविली. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात झाडांवरच्या मॉसची तपासणी केली असता काचकारखान्यांच्या परिसरात कॅडमियमचे प्रमाण भलतेच निघाले. २०१६ मध्ये ते जाहीर झाल्यावर कारखान्यांच्या धुराड्यांवर बंधने आली. कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या छायेत राहणाऱ्यांना अशा स्वस्त मोजणीचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. यंत्रे महाग असतात, बंद पडतात, आणि त्यांचे आकडे कोणाच्या तरी ताब्यात असतात. भिंतीवरचे मॉस कोणीही गोळा करू शकतो.

संरक्षणाची साधने अगदीच नाहीत असे नव्हे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली आहे, वारसास्थळे जाहीर करण्याची तरतूद केली आहे. विदर्भातील आलापल्लीचे जुने सागवान याच तरतुदीखाली वारसास्थळ झाले. आंबोली येथे हिरण्यकेशीच्या उगमकुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात सापडल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये ते कुंड वारसास्थळ म्हणून घोषित झाले. अंधारी, ओली, लहानशी जागा आणि तिच्यात राहणारा बोटभर जीव, एवढ्या भांडवलावर हे झाले. नैनितालजवळ खुर्पाताल येथे उत्तराखंडच्या वनखात्याने २०२० मध्ये खास मॉसचे उद्यान उघडले. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि गावकरी उन्हात कातळावर बसले, तेव्हा त्या सड्यावरील कातळशिल्पांचे नाव आदल्या वर्षीच युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेले होते. शिल्पांना नाव मिळाले म्हणून त्यांची बाजू मांडता आली. शेजारच्या घळीत काय वाढते याची यादी कोणाच्या हाती असती तर तीही त्या वेळी मांडता आली असती.

ती यादी करावयास मोठा निधी लागत नाही. भिंग, कागदी पाकिटे, शिसपेन्सिल आणि पावसाळ्यातले चार महिने. मॉसचा नमुना दाबावा लागत नाही, वाळवून पाकिटात ठेवला की शंभर वर्षे टिकतो आणि पाण्याचा थेंब टाकला की पाने पुन्हा उलगडून ओळखता येतो. राजापूर, देवगड, मालवण भागांतील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. नोंदवह्या बऱ्याच ठिकाणी मुदत गाठण्यासाठी घाईने भरल्या गेल्या. त्या पुन्हा उघडून घळींचे, झऱ्यांचे रकाने त्यांत घालता येतील, आणि हे काम जुलैमध्ये करावे लागेल, मार्चअखेरीस नव्हे. दुसरी मागणी कायद्याची आहे. सडा, माळ, कातळ अशा भूमीवरील प्रकल्पांसाठी हवेची मोजणी कोरड्या ऋतूत होऊ द्यावी, परंतु जीवसृष्टीची नोंद पावसाळ्यातच झाली पाहिजे, असा बदल २००६ च्या अधिसूचनेत करून घेणे शक्य आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन ओळींची दुरुस्ती पुरते. विदर्भातील माळरानांवरील प्रकल्पांनाही ती तितकीच लागू पडेल.